नागपूरची आई

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई झोपून उठली, केसांचा अंबाडा घालत बाहेरच्या खोलीत आली आणि तिनं विचारलं, "हे अजून आले नाहीत?"

खोलीत सतरंजीवर सातआठ जण बसले होते. आदल्या दिवशी सकाळी बाबा आंघोळ करून खुर्चीत बसले आणि मान एका बाजूला टाकून गेले, तेव्हा आईच त्यांच्याजवळ होती. डॉक्टर येईपर्यंत तिनं त्यांचा हात सोडला नव्हता. कृष्णाघाटावरून मंडळी परत आली तेव्हा दारात पाण्याची बादली घेऊन तीच उभी होती. आणि आता ती चौकटीला टेकून, कुणीतरी उत्तर देईल म्हणून, एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

"दादा तेरदाळला गेलाय, वहिनी," नलू आत्या म्हणाली. नलू आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. सकाळपासून रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज अगदी रोजचा निघाला. "बापूकाकांना बरं नाही ना."

"मला न सांगता?"

"तुम्ही झोपला होता. उठवू नका म्हणाला."

"मग ही एवढी माणसं?"

"सहज आलो होतो," शेजारचे पाटील काका म्हणाले.

"सहज आलात तर चहा घेऊन जा," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

सुतकाच्या घरात गॅस पेटवत नाहीत. दोन वेळचं जेवण शेजारून येत होतं. आत्या अर्धवट उठली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली बसली. आतून लायटरचा आवाज आला. थोड्या वेळानं आईनं ट्रे भरून चहा आणला आणि आम्ही सगळ्यांनी तो प्यायला. एक कप तिनं वेगळा ठेवला होता, त्यावर बशी झाकून.

मी आत जाऊन तिच्या कानामागचा मणी बघितला. त्यावरचा बारीक दिवा हिरवा होता. हिरवा म्हणजे सगळं ठीक.

काही वर्षांपूर्वी आईच्या मेंदूतला नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग निकामी व्हायला लागला. जुनं सगळं तिच्याजवळ शाबूत होतं. मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी, ट्रंक बोर्डवरच्या मैत्रिणींची नावं, माझ्या जन्माच्या वेळचा उन्हाळा. पण सकाळी खाल्लेलं दुपारी आठवायचं नाही. तेव्हा आम्ही 'सय' ही सेवा घेतली. कानामागे ज्वारीच्या दाण्याएवढा मणी बसवतात. माणूस जे बघतो, ऐकतो त्याचा मेंदूत उमटणारा ठसा मणी टिपतो आणि दूरच्या केंद्रात पाठवतो. तिथं त्याची नोंद होते. पुढे कधी त्या माणसाला ती गोष्ट हवी झाली की मणी ती नोंद मागवून मेंदूला परत देतो. वापरणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. त्याला फक्त आठवतं.

मी 'सय'च्या मिरज शाखेला फोन लावला. आमच्या घरचं काम बघायची ती तबस्सुम शिकलगार नावाची मुलगी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, आजोबा गेले तेव्हा आजी जाग्या होत्या?"

"तिच्यासमोरच गेले."

"मग ते नागपूरला आहे," ती म्हणाली. "आत्ता आजी मुंबईला आहेत."

संध्याकाळी ती घरी आली आणि गच्चीवर उभं राहून तिनं मला समजावून सांगितलं. केंद्रं दोन आहेत, एक नव्या मुंबईत, एक नागपुरात. प्रत्येकाच्या आठवणी दोन्हीकडे ठेवतात. एक केंद्र बंद पडलं तरी लाखो म्हातारी माणसं एकदम कोरी होऊ नयेत म्हणून. इथं लिहिलं की पापणी लवायच्या आत तिथंही लिहिलं जातं, त्यामुळे दोन्ही प्रती कायम सारख्या. समोर लोड बॅलन्सर बसवलेला असतो. मणी जोडणी मागतो तेव्हा ज्या केंद्रावर काम कमी असेल तिकडे तो पाठवून देतो. प्रती सारख्याच असल्यामुळे कुठं गेलो यानं फरक पडत नाही.

"पण दोन केंद्रांमधली लाइन तुटलीय," ती म्हणाली. "आजोबा गेले त्याच्या आदल्या दिवशी. आता इथलं तिथं जात नाही. आजी झोपताना, आंघोळीला मणी काढतात ना? परत लावला की जिथं जागा असेल तिथं जातात. नागपूरला गेल्या तर आजोबा गेलेले. मुंबईला गेल्या तर…"

"एकाच केंद्राला कायमचं जोडून द्या."

"सगळेच मागताहेत ताई. तसं केलं तर ओझ्यानं एक केंद्र बंद पडेल."

"मग लाइन तुटल्यावर एकीकडचं लिहिणं तरी थांबवायचं."

"लिहिणं थांबवलं तर तिथल्या माणसाला पाच मिनिटांपूर्वीचं आठवणार नाही. विचार करून ठरवलं होतं हे. दोन्हीकडे लिहू द्यायचं, मागाहून जुळवायचं." तिनं खाली रस्त्याकडे बघितलं. "असं काही घडेल आणि त्याच वेळी कुणी मरेल, हे धरलं नव्हतं."

आम्ही खाली आलो तेव्हा आई आंघोळ करून, मणी लावून बाहेर आली होती. सतरंजीवर बसून ती ट्रेमधल्या उष्ट्या कपांकडे बघत होती.

"चहा कुणी केला?" तिनं विचारलं. "हे जाऊन दोन दिवस झाले नाहीत आणि घरात गॅस कुणी पेटवला?"

बशी झाकलेला कप तिनं उघडला, आतली साय बघितली, आणि मग तिचा चेहरा मोडत गेला. मी तिच्याजवळ जाऊन बसले. आम्ही दोघी बराच वेळ रडलो. बाबा गेल्यापासून मी पहिल्यांदाच धड रडले असेन.

मग मी तिला सगळं सांगितलं. लपवून ठेवण्यासारखं ते राहिलंच नव्हतं. तिनं पदरानं नाक पुसत ऐकलं.

"म्हणजे ट्रंक बोर्डच की," ती म्हणाली. "जी लाइन रिकामी तिच्यावर कॉल टाकायचा." मग थोडं थांबून, "आणि ती दुसरी मी चहा करते?"

"हो."

"ह्यांच्यासाठी?"

"हो, आई."

"बरं आहे तिचं," आई म्हणाली.

मी पुण्यात एका ग्रंथालयात काम करते. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांचं काय होतं यावर लिहिलेली पुष्कळ पुस्तकं माझ्या हाताखालून गेली आहेत, बरीचशी वाचलीही आहेत. सगळ्यांत धरून चाललेलं असतं की मागे राहिलेल्या माणसाला निदान काय झालंय ते माहीत आहे. आमच्या घरी तेवढंही धरून चालता येत नव्हतं. आई मणी लावायची तेव्हा मी दाराशी उभी राहायचे. तिनं डोळे उघडल्यावर पहिल्यांदा कुठे बघितलं यावरून मला कळायचं. नागपूरची आई माझ्याकडे बघायची. मुंबईची आई दाराबाहेर.

मुंबईची आई मजेत होती. खरं सांगायचं तर तिला इतकं हलकं मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. बाबा रेल्वेत तिकीट तपासनीस होते. लग्नानंतरची सगळी वर्षं ते गाडीवर आणि आई घरी किंवा बोर्डवर, अशीच गेली. बोर्डवर असली की ती हुबळीच्या ऑपरेटरला हळूच विचारायची, गाडी लागली का, आमचे साहेब उतरले का. वाट बघणं ही तिची जुनी, मुरलेली सवय होती आणि ती कुठल्याही केंद्रात नव्हती, तिच्या स्वतःच्या मेंदूत होती. म्हणून तेरदाळ तिला लगेच पटलं. सकाळी ती आरशावर चिकटवलेली टिकली काढून कपाळाला लावायची. नागपूरची आई ती टिकली काढून पुन्हा आरशावर ठेवायची, टाकून द्यायची नाही.

आत्याच्या सांगण्यात भर पडत गेली. बापूकाकांना दवाखान्यात ठेवलंय. दादाचा फोन आला होता, तुम्ही आंघोळीला होता. पाटील काकूंनी एकदा स्वतःहूनच सांगितलं की, बाबा दिसले होते, जयसिंगपूरच्या स्टँडवर. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. आजारी म्हाताऱ्या बाईला एकदम वाईट बातमी द्यायची नाही, आधी थोडं गोड बोलून वेळ काढायचा, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

"आत्या, पुरे कर," मी एकदा तिला मागच्या अंगणात गाठलं. "ती त्यांची बायको आहे. तिला माहीत असायला हवं."

"माहीत आहे की तिला! अर्धा दिवस माहीत असतं. बघितलंस ना तेव्हा कशी दिसते ती? घास उतरत नाही घशाखाली. मग उरलेला अर्धा दिवस जरा सुखात गेला तर तुझं काय जातंय?"

"खोट्या सुखात."

"केतकी, तू लई वाचलेली आहेस बाई. मी नाही. माझा भाऊ गेलाय. या घरात एक माणूस तरी असं आहे जे म्हणतं तो येणार आहे. मला दोन मिनिटं तिच्याशेजारी बसून बरं वाटतं. आता बोल."



तबस्सुम पुन्हा आली ती बाराव्याच्या आदल्या दिवशी. लाइन दुरुस्त होत आली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही केंद्रं जुळवणार होते.

"बहुतेक नोंदी आपोआप जुळतात," ती म्हणाली. आई पलंगावर बसून ऐकत होती. त्या दिवशी ती नागपूरची होती. "इथं नाही ते तिथून घ्यायचं. पण एकाच गोष्टीबद्दल दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलेलं असेल तर एकच ठेवावं लागतं. दोन्ही ठेवलं तर माणसाचा गोंधळ होतो, तो घाबरतो. आम्ही सुरुवातीला करून बघितलंय."

"मग कुठलं ठेवता?"

"नवं असेल ते. आणि घरच्यांच्या आवाजातलं असेल तर त्याला जास्त वजन. ज्यांच्या स्मरणाला धक्का लागलेला असतो ते कधीकधी मनानंच काहीतरी जोडतात ना, म्हणून त्यांच्या स्वतःच्या म्हणण्यापेक्षा घरच्यांचं सांगणं आम्ही खरं धरतो."

मला समजायला एक क्षण लागला. आईला माझ्याआधी समजलं.

"म्हणजे नलूचं," ती म्हणाली. "मी डोळ्यांनी बघितलेलं जुनं. तिनं सांगितलेलं रोज नवं."

तबस्सुमनं मान हलवली. "तुम्ही काही कळवलं नाही तर तसंच होईल, आजी. कळवलंत तर तुम्ही म्हणाल ते ठेवू. मग त्याच्या विरुद्धची नोंद खाली जाते, आणि त्या नोंदीवर उभं असलेलं सगळं तिच्याबरोबर. नव्या नोंदी काही आठवडे थोड्या सैल असतात. त्या काळात घरच्या कुणी दुसरं सांगितलं तर ते बसू शकतं. नंतर पक्कं."

निघताना मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. तिथं मी विचारलं की बाकीची घरं काय कळवताहेत.

ती गाडीची किल्ली हातात फिरवत राहिली. "लाइन तुटलेली असताना आमच्या एकट्या शाखेत बरीच माणसं गेली, ताई. म्हाताऱ्यांचे नवरे, बायका. दोन घरी तर मुलगा गेला. आणि सगळीकडे कुणीतरी काहीतरी सांगून ठेवलंय. कुणी अमेरिकेला गेलंय, कुणी तीर्थयात्रेला. बहुतेक घरांतून काहीच कळवलेलं नाही."

"विसरले?"

"नाही. आठवण करायला मी स्वतः फोन केले. हो हो म्हणतात आणि ठेवून देतात." तिनं गाडी सुरू केली. "उद्यापासून त्या घरांत कुणीच मेलेलं नसेल."

मी घरात आले तेव्हा आई अजून पलंगावरच होती.

"तू काय कळवणार आहेस?" तिनं विचारलं.

"तू सांग. तुझं आहे ते."

"मग मला पुसून टाक."

"आई…"

"ऐक तरी. मी आयुष्यभर ह्यांची वाट बघितलीय. वाट बघणं मला जमतं. हे मला जमत नाही, केतू. सकाळी डोळे उघडले की आधी थोडा वेळ मलाही माहीत नसतं, आणि मग कळतं. रोज. तिला नाही कळत. ती टिकली लावते. तिला राहू दे." ती माझ्याकडे बघून थोडं हसली. "आणि तिला यातलं काही सांगू नकोस."

"मग मी ज्या आईशी बाबांबद्दल बोलते, ती?"

"ती मी," आई म्हणाली. "मीच सांगतेय तुला."

बाराव्याच्या दिवशी दुपारी ती झोपली. उठल्यावर मणी लावला आणि दाराबाहेर बघितलं. मुंबईची. पिंडदान वगैरे सकाळीच घाटावर उरकलं होतं, पाहुणे जेवून गेले होते. घरात आम्ही दोघीच होतो. आत्या मुद्दाम बाजारात गेली होती, मला वेळ मिळावा म्हणून.

मी तिच्यासमोर बसले. तिला खरं काय ते सांगायचं नव्हतं, सांगितलं असतं तर विचारण्याला अर्थ उरला नसता. मी म्हणाले, "आई, समज, एखादी वाईट गोष्ट घडलीय. तुझ्याच बाबतीतली. आणि ती तुला माहीत नाही म्हणून तू आनंदात आहेस. तर तुला ती कळायला हवी का?"



"घरात सगळे माझ्याशी फार गोड बोलताहेत," ती म्हणाली. "पाटीलबाई काल माझे पाय दाबून देते म्हणाली. पाटीलबाई! मी काय बोर्डवर उगाच बसले होते का इतकी वर्षं? बाई खोटं सांगायला लागली की तिचा आवाज गोड होतो. चोवीस तास ऐकलेत मी तसले आवाज."

"मग हवी का कळायला?"

"माझी गोष्ट आणि मला नको?" तिचा आवाज चढला. "बाकी सगळ्या गल्लीला माहीत असेल आणि मी एकटीच कपाळ रंगवून बसायचं? मला वेड्यात काढू नका, केतू. काय असेल ते असेल." मग ती थांबली. तिची नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीवर गेली आणि तिथंच राहिली. "ह्यांचं काही आहे का?"

मी खुर्चीकडे बघायचं टाळलं.

"आत्ता सांगू नकोस," ती हळूच म्हणाली. "आधी चहा पिऊ या."

आणि ती उठून चहा करायला गेली. मी मागून बघत होते. तिनं डब्यातून साखर काढली, दूध बघितलं, कप मांडले. दोनच मांडले. तिसऱ्याकडे तिचा हात गेला आणि मागे आला.

पाच वाजायच्या आत मी तबस्सुमला फोन केला आणि नागपूरची नोंद ठेवायला सांगितली.

मी ते आईसाठी ठरवलं असं म्हणता येईल. एका आईनं मागितलं होतं, दुसरीनं नाकारलं होतं, आणि जिनं मागितलं तिला तिचं खरं मिळायला हवं होतं. हे सगळं बरोबर आहे. पण फोन हातात असताना माझ्या मनात यातलं काही नव्हतं. बाबा गेलेत हे माहीत असलेली घरात मी एकटीच उरेन, एवढंच होतं.

जुळवणी झाल्यावर तबस्सुमच्या सांगण्याप्रमाणे आईनं मणी काढून पुन्हा लावला. मी दाराशी होते. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मग दाराबाहेर. मग पुन्हा माझ्याकडे.

"मी तुला नको म्हटलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि हवं म्हटलं होतं."

"हो, आई."

"दोन्ही वेळा मीच होते. आठवतंय मला. इथं बसले होते, तिथं बसले होते." तिनं पलंगाच्या कडेवरून हात फिरवला. "तू जिचं ऐकलंस तिला माहीत नव्हतं ती काय मागतेय. जिला माहीत होतं तिचं ऐकलं नाहीस."

मी तिचे हात धरायला गेले. तिनं ते धरू दिले, पण नुसते ठेवल्यासारखे.

आत्या जयसिंगपूरला, आपल्या घरी परत गेली. जाताना मी तिला बजावलं की फोनवरसुद्धा तेरदाळचं नाव काढायचं नाही. मी रजा वाढवून घेतली. ते दिवस वाईट होते असं मी म्हणणार नाही. आम्ही दोघींनी बाबांचे कपडे निवडले. त्यांचा गणवेशाचा काळा कोट आईनं दोनदा देऊन टाकला आणि दोनदा परत मागून आणला, आणि दुसऱ्यांदा आम्ही हसलो. बाबांनी एकदा विनातिकीट नवरदेवाला कसं वऱ्हाडासकट उतरवलं होतं ते तिनं मला पुन्हा सांगितलं. ज्याच्यासाठी मी फोन केला होता ते मला मिळत होतं. आई मात्र दिवसेंदिवस वाळत चालली होती. दोन घास खाऊन ताट सरकवायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आजार काही नाही.

एका सकाळी मी पेपर आणायला बाहेर गेले होते. परत आले तर स्वयंपाकघरातून आईचा आवाज येत होता. मला वाटलं कुणी आलंय. मी दाराशी थांबले. आत ती एकटी होती. भाजी निवडत, मान खाली घालून, शाळेतली मुलं पाढे म्हणतात तशी ती म्हणत होती, "हे तेरदाळला गेलेत. हे तेरदाळला गेलेत. बापूकाकांना बरं नाही. हे तेरदाळला गेलेत."

"आई!"

ती दचकली नाही. "होत नाहीये," ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले म्हणतेय. बसतच नाही. माझ्या सांगण्याला त्यात वजन नाही, ती पोरगी म्हणाली होती ना."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"सैल आहे तोवरच होईल," ती म्हणाली. "नंतर पक्कं होणार. म्हणून तू म्हण. तुझा आवाज त्यांच्याकडे आहे."

"मी नाही म्हणणार."

"मग मी नलूला बोलावते. ती एका पायावर येईल. पण ती भाबडी आहे, कुठंतरी घोळ घालेल. तू नीट म्हणशील." तिनं निवडलेली मेथी एका बाजूला केली. "मला तुझ्यावर राग नाही, केतू. तू विचारलंस, मी सांगितलं, सगळं रीतीनं झालं. आता मी एकच आहे. माझ्यात आता नागपूर नाही आणि मुंबई नाही. तेव्हा दोघी होत्या म्हणून तुला निवडता आलं. आता एकच सांगतेय, पूर्ण शुद्धीत. आता कुणाचं ऐकणार?"

"आणि मग मी बाबांबद्दल कुणाशी बोलायचं?"

"माझ्याशीच. दिवसभर बोल. मला आवडेल." ती पुढे झुकली आणि माझ्या गालावरची बट मागे सारली, मी लहान असताना सारायची तशी. "फक्त गेले असं म्हणू नकोस."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. कुकरची शिट्टी व्हायची होती, झाली. आईनं हात पदराला पुसले, सरळ बसली आणि डोळे मिटले. तिच्या कानामागचा दिवा हिरवा होता.

मी अंदाज घेत होते की तिचं वजन किती उतरलंय. गळ्याजवळची हाडं, मनगट. मी हेही मोजत होते की मी नाही म्हटलं तर आत्याला यायला किती वेळ लागेल. तासाभरापेक्षा जास्त नाही.

"आई," मी म्हणाले, "बाबा तेरदाळला गेलेत."

"कशाला?" तिनं मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"बापूकाकांना बरं नाही. आपण उगाच घाबरलो होतो. बाबा गेलेत ते तेरदाळला गेलेत. ते बरे आहेत."

माझा आवाज गोड झाला होता. तो मलाच ऐकू आला.

ती बराच वेळ तशीच बसून राहिली. आधी कपाळावरची आठी गेली. मग जबडा सैल झाला. मग खांदे खाली आले. बाबा गेल्याच्या नोंदीबरोबर आमचे सगळे दिवस खाली जात होते, तो कोट, ते हसणं, सतरंजीवरचं रडणं, आणि हे म्हणायला तिनंच मला सांगितलं हेसुद्धा. मला ते दिसत होतं असं नाही. दिसत होती ती एक म्हातारी बाई, जिला हळूहळू बरं वाटायला लागलं होतं.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं नाही. दाराबाहेर बघितलं.

"तू कधी आलीस गं पुण्याहून?" ती म्हणाली. "आणि अशी खाली काय बसलीयेस? रडलीस का? काय झालं?"

"काही नाही. कांदा."

"मेथीला कुठला आलाय कांदा?" ती हसत उठली, गॅसजवळ गेली आणि चहाचं पातेलं ठेवलं. मग तीन कप काढले. "फोन आला होता का ह्यांचा? कधी येतो म्हणाले?"

ती पाठमोरी उभी होती आणि उत्तराची वाट बघत होती. नव्या नोंदीला घरच्या आवाजाची गरज होती.

"उद्या," मी म्हणाले.